सुटलेले मासे

हेर क्रेचमार ट्राममध्ये माझ्या शेजारी येऊन बसला, कोबीची पिशवी मांडीवर नीट ठेवली आणि हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात म्हणाला, "हेर रामटेके, मी तुम्हाला दुर्बिणीतून पाहिलं." समोरच्या सीटवर गयाबाई, माझी बायको, गोठवलेल्या माशाचं खोकं पोटाशी धरून बसली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. ऑक्टोबरचं ऊन ट्रामच्या काचेतून तिच्या गुडघ्यावर पडलं होतं. क्रेचमार आमच्या मासेमारी फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, राखणदार. पूर्वी पोस्टमन होता, आता शनिवार-रविवार नदीकाठी झुडपात बसून कोण काय पकडतो ते बघतो. या येना गावात दुर्बिणी फार चांगल्या बनतात. कारखान्यात मी बारा वर्षं भिंगं घासली, तेव्हा त्याच्या दुर्बिणीतलं एखादं भिंग माझ्याच हातचं असेल, तर तक्रार तरी कुणाकडे करायची? "एकदा नाही, तीनदा पाहिलं," तो म्हणाला. "तुम्ही मासा पकडता, गळ काढता आणि त्याला परत पाण्यात सोडता. चांगला मोठा मासासुद्धा. येदेस माल. त्सुरुक." हे दोन शब्द त्याने हळू उच्चारले, मला नीट कळावेत म्हणून. मला कळलेच होते. पण ते गयाबाईलाही कळले. तिचं जर्मन डॉक्टर, बेकरी आणि ट्राम एवढ्यापुरतंच आहे, पण 'दर वेळी' आणि 'परत' हे शब्द बेकरीतसुद्धा लागतात. तिने खोकं मांडीवर ठेवलं, पुढे वाकली आणि क्रेचमारला विचारलं, "येदेस माल?" तो बिचारा सभ्य माणूस. मान डोलावून म्हणाला, "गेनाऊ, फ्राऊ रामटेके. येदेस माल."

आता तुम्हाला वाटेल, मासा सोडला तर बिघडलं काय. इथे बिघडतं. मी परीक्षा देऊन मासेमारीचा परवाना घेतलाय, साठातले अठ्ठावन्न प्रश्न बरोबर, आणि त्यातला एक प्रश्न हाच होता. मासा पकडायचा तो खायला. मापात बसणारा मासा नुसत्या मजेसाठी पकडून सोडून दिला, तर तो माशाचा छळ. मारायचा तर तोही नियमाने, आधी डोक्यावर फटका, मग काळजात सुरी. परीक्षेत मी हे उत्तर बरोबर लिहिलं आणि नंतर एकोणीस वर्षं एकदाही त्याप्रमाणे वागलो नाही. दर डिसेंबरला मी माझं पकडीचं कार्ड फेराइनला देतो, त्यावर एकही मासा नसतो, आणि तिथली माणसं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, पुढच्या वर्षी नक्की. सबंध गावातला सगळ्यात नालायक गळवाला म्हणून माझा लौकिक आहे, आणि तो मी फार कष्टाने मिळवलाय. "मी तक्रार करायला हवी," क्रेचमार म्हणत होता, "पण आम्ही असं ठरवलंय की तुम्ही पुढच्या शनिवारी नवशिक्यांच्या वर्गाला या. तिसरा तास मासा मारण्याचा असतो. काही लोकांना ते जड जातं, त्यात लाज नाही. नाही आलात, तर मला तुमचं कार्ड परत घ्यावं लागेल." तो पुढच्या स्टॉपला उतरला. उतरताना कोबीची पिशवी उचलून त्याने गयाबाईला नमस्कारही केला, आणि तिनेही केला. मग ती खिडकीबाहेर बघत बसली. आमचा लोबेडाचा स्टॉप येईपर्यंत तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

कार्ड गेलं असतं तर मी जगलो असतो. पण गयाबाईला मी पंचेचाळीस वर्षं सांगत आलोय की मासे सुटतात. सोडतो असं कधीच सांगितलं नाही. सुटलेल्या माशाला गोष्ट असते. हात रिकामे घेऊन घरी यायचं तर तोंडात काहीतरी आणायला हवं, म्हणून मी गोष्टी आणल्या. कुठल्या आमिषाला कोण लागलं आणि कसं निसटलं. पितळी चमच्याची गोष्ट वेगळी, रबरी माशाची वेगळी. लग्नात आलेल्या भांड्यांतला एक चमचा मी दांडा कापून, टोकाला भोक पाडून, कानशीने घासून गळ केला होता. तो पाण्यातून ओढला की डुलत चालायचा, अगदी जखमी मासळीसारखा. तिकडे भंडाऱ्याला कारखान्यात टर्नर होतो, हात बसलेला होता. तो चमचा, मी गयाबाईला सांगितलं, एका मरळीने एवढ्या जोरात ओढला की माझी चप्पल बांधावर राहिली आणि मी पाण्यात. इथे आल्यावर भिंगं चकाकवायची ती गुलाबी पावडर डबीत भरून घरी आणली आणि त्या पावडरने एका पितळी पात्याला इतका आरसा केला की त्यात इथल्या जाले नदीतला बार्श स्वतःचंच तोंड पाहायचा आणि चिडून चावायचा. बार्श म्हणजे इथला मासा. हिरवट अंगावर काळे पट्टे, लाल पर, पाठीवर काट्यांचा पंखा, आणि स्वभाव एखाद्या हेडमास्तरासारखा. एक बार्श, मी सांगितलं, त्या आरशात बघून मिशा सारख्या करत होता. गयाबाई म्हणाली, माशाला मिशा असतात का? मी म्हटलं, याला होत्या. रबरी मासा कसा तळाशी उड्या मारत न्यायचा, शिसं तळाला ठेवून आमिष वीतभर वर कसं थरथरत ठेवायचं, प्रत्येक युक्तीची एक थाप. युक्त्या खऱ्या होत्या. मासेही खरे. फक्त शेवट मी बनवायचो. दर रविवारी मुलीने, धम्मदीपाने, लावून दिलेल्या झूमवर वंदना असते, सगळ्या जर्मनीतले आपले लोक दिसतात, आणि पंचशील म्हणताना पहिल्या शीलावर मी नेमका खोकतो. धम्मदीपाला वाटतं, बाबांना कफ आहे. न मारण्याचं शील मी पाळतच होतो. पण का पाळतो, ते जोरात म्हणायची हिंमत होत नव्हती.

घरी आल्यावर गयाबाईने खोकं फ्रीझरमध्ये टाकलं आणि दार असं लावलं की वरची कुंडी हलली. मग ओट्याशी उभी राहून, पाठ माझ्याकडे ठेवून म्हणाली, "एकोणीस वर्षं मी हा पुठ्ठा खातेय." मी म्हटलं, "पुठ्ठा नाही, कॉड आहे." "पुठ्ठाच आहे जी. वर मसाला माझा, म्हणून माशासारखा लागतो. आणि तुम्ही तिकडे नदीवर जिते मासे फेकून देता? किती असतील हो? शंभर? पाचशे?" मी हिशोब लावायचं टाळलं. "बोला ना. इतरवेळी तर तोंड बंद होत नाही." तेवढ्यात फोन वाजला. मुलगी, नेकारसुल्महून, गाड्यांच्या कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत रोज करते तो. गयाबाई म्हणाली, "हो, आम्ही बरे. बाबा? आहेत ना. बसलेत गप्प." पलीकडून धम्मदीपाचा आवाज मला सोफ्यावर ऐकू आला, "गप्प? ताप आहे का त्यांना? डॉक्टरचा टर्मिन घेऊ का?" "टर्मिन नको. उद्या मी त्यांच्यासोबत नदीवर जाणार आहे." आणि फोन ठेवून मला म्हणाली, "ऐकलंत ना? उद्या. डोळ्यांनी बघते, मासा सुटतो कसा."

ती कधीच आली नव्हती. तिथे ना इथे. नदी हा माझा एकट्याचा भाग होता आणि मी येताना तिथून फक्त गोष्टी आणत असे. दुसऱ्या दिवशी सकाळी बुर्गाऊच्या जुन्या दगडी पुलाच्या खाली, जिथे पाणी बांधावरून उतरून संथ होतं, तिथे मी तिच्यासाठी घडीचं स्टूल मांडलं. ती जॅकेटवर शाल आणि शालीवर पुन्हा मफलर गुंडाळून बसली, एखाद्या न्यायाधीशासारखी. पाण्यावर पिवळी पानं वाहत होती. मी आमिषांची पेटी उघडली आणि लबाडी सुचलीच. एक जाडा लाकडी वॉब्लर, म्हणजे डुलणारा खोटा मासा, आहे माझ्याकडे, निळ्या रंगाचा, त्याला आजवर फक्त एक हातमोजा लागलाय. तो लावावा, दुपारपर्यंत फेकत राहावं, काही लागणार नाही, आणि म्हणावं, बघ, आज दिवस नाही. मी तो उचललाही. "तो नको," ती मागून म्हणाली. "तो निकामी आहे. तुम्हीच सांगितलंय, हातमोज्याची गोष्ट. ते आरशाचं पातं लावा. त्याला लागतात म्हणता ना?" मी तिच्याकडे वळून पाहिलं. माझी सगळी पेटी तिला तोंडपाठ होती. कुठल्या आमिषाला काय लागतं, कुठलं पाणी खोल, कुठलं उथळ. पंचेचाळीस वर्षांच्या थापांतून तिने खरं तेवढं गाळून घेतलं होतं. मी पितळी पातं लावलं.

दोरी पाण्यावर पडली आणि मला नेहमीसारखंच मागचं पाणी दिसायला लागलं. भंडाऱ्याकडचा मालगुजारी तलाव, मासेमार ढिवरांच्या सोसायटीचा, ओळखीवर मला एक गळ टाकू द्यायचे. श्रावणातली दुपार. आमचं पहिलं मूल जाऊन महिना झाला होता. अकरा दिवस जगलं, नाव ठेवायचं राहिलं. गयाबाई घरात भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मी कारखान्यातून सुटलो की सायकल तलावाकडे वळवायचो, कारण घरात मला काय बोलावं ते कळत नव्हतं. तळ्याच्या कडेला पाण्यावर एक लाल ढग हलत होता. मरळीची पिलं, गुलालासारखी लाल, शेकडो, एकत्र श्वास घ्यायला वर येतात आणि एकत्र खाली जातात. मरळीचा नर त्यांच्याखाली पहारा करतो. त्या वेळी तो काही खात नाही, पण पिलांवरून काही गेलं की हल्ला करतो. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. चमचा त्या ढगावरून ओढायचा. मी ओढला. तो आला, उपाशी, पोराबाळांसाठी, आणि लागला. मी त्याला बांधावर काढला, घरी नेला, गयाबाईने उठून त्याचा रस्सा केला आणि आम्ही खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी तलावावर गेलो. लाल ढग नव्हता. दहा-बारा पिलं इकडे तिकडे एकेकटी वर येत होती आणि वर तारेवर खंड्या बसलेला होता. पाहत होता, उडी मारत होता, पुन्हा तारेवर येत होता. मी संध्याकाळपर्यंत तिथे बसलो. एकही उरलं नाही. त्या आठवड्यात मला पुन्हा मासा लागला तर मी तो सोडून दिला आणि घरी येऊन पहिल्यांदा थाप मारली. म्हटलं, मरळ एवढा मोठा होता की दोरी तोडून बांधावर चढला, माझ्याकडे मान वळवून बघितलं आणि तुझ्या पद्माकरसारखा हात मागे बांधून पाटलाच्या धानातून चालत गेला. पद्माकर म्हणजे तिचा भाऊ, तो असाच चालतो. गयाबाई हसली. महिन्यात पहिल्यांदा. मी त्याच वेळी ठरवलं, पुढे असंच. मासे सोडायचे आणि हिला हसवायचं. माझं सगळं आयुष्य त्या दोन गोष्टींवर उभं आहे असं मी आजवर समजत आलो, आणि आता ती मागे स्टुलावर बसली होती.

बार्शने पातं धरलं तेव्हा काठी दोनदा ठोके दिल्यासारखी वाकली. त्याची ओढ मला ओळखता येते, डोकं हलवतो, नाही नाही म्हणतो. मी त्याला जाळीत घेतला आणि जाळी उथळ पाण्यात ठेवली. पोट भरलेला, काटे उभे, कल्ले उघडझाप. गयाबाई उठून आली आणि वाकून बघत म्हणाली, "आई गं. केवढा आहे! आणि असले तुम्ही..." मी जाळीची दांडी धरून उकिडवा बसून राहिलो. सोडणं मला येतं. दोन बोटं, एक पक्कड, एक झटका, अर्ध्या सेकंदाचं काम. पण तिच्यासमोर जमेना, आणि मारणंही जमेना, तेव्हा मी बोललो. पाण्याकडे बघत, तिच्याकडे न बघता, लाल पिलं, खंड्या, दुसरा दिवस, सगळं सांगितलं. मूल हा शब्द मी उच्चारला नाही, पण "तो महिना" म्हटलं, तेवढ्याने तिला कळलं. या गोष्टीत एकही थाप नव्हती. तिला न सांगितलेली माझ्याजवळची ही एकच. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ती रडेल, किंवा उठून जाईल. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी तिच्या ताटात जे आणून वाढलं, त्याबद्दल मला काहीतरी म्हणेल.

ती माशाकडे बघत म्हणाली, "तो मरळ मला चांगला आठवतो जी. जवसाचा रस्सा केला होता. डोकं मी खाल्लं, तुम्हाला शेपटी दिली." मी म्हटलं, "हो?" "मला महिनाभर अन्नाचा वास सहन होत नव्हता. आई घास भरवायची, मी थुंकायची. त्या दिवशी तुम्ही तो घेऊन आलात, अंगणात टाकलात, आणि मला भूक लागली. एकदम. कोणी आतून बोलवावं तशी. मी उठले ते त्यासाठी. तीन वेळा भात घेतला. मला लाज वाटत होती खाताना, आणि खात होते." मी म्हटलं, "आणि मग दुसऱ्या मरळीची गोष्ट. बांधावर चढला तो. पद्माकरसारखा चालला. तू हसलीस." तिने आठवायचा खरोखर प्रयत्न केला, मला दिसलं ते. "पद्माकरसारखा?" ती म्हणाली. "हसले असेन. तुमच्या गोष्टी काय एक आहेत? मला मासा आठवतो." नदीवरून एक बदकांची जोडी गेली. माझ्या आत काहीतरी हलकं झालं आणि काहीतरी चांगलंच दुखावलं, दोन्ही एकाच जागी, आणि त्यातलं कुठलं आधी ते मला आजही सांगता यायचं नाही. ज्या माशाची मी आयुष्यभर माफी मागत होतो, त्यानेच हिला उठवलं होतं. आणि ज्या गोष्टीच्या जोरावर मी स्वतःला कोणीतरी समजत होतो, ती हिच्या लक्षातही नव्हती.

"काहून बसलात?" ती म्हणाली. "त्याला त्रास होतोय. एक तर सोडा नाही तर मारा." ती नुसतं 'मारा' म्हणाली नाही, 'सोडा'ही म्हणाली, हे मी इथे नोंदवून ठेवतो, कारण नंतर तिने 'सोडा' म्हटल्याचा इन्कार केला. पेटीत तळाला लाकडी दांडका होता, एकोणीस वर्षं कोरा. माझे हात भिंग घासणाऱ्याचे आहेत, थरथरत नाहीत. एक फटका, डोळ्यांच्या मागे. मग सुरी, परांच्या मधे. परीक्षेत लिहिलं होतं तेवढाच वेळ लागला. बार्श एकदा ताठ झाला आणि मग त्याच्या पाठीवरचा काट्यांचा पंखा हळूच मिटला. गयाबाईने तो दोन्ही हातांत घेतला आणि वजन तोललं. कार्डावर लिहायला मी पट्टी लावली. एकतीस सेंटिमीटर. "चाळीस लिहा," ती म्हणाली, "कोण मोजतंय?" मी पलीकडच्या काठाकडे बोट दाखवलं. झुडपात काचेवर ऊन चमकलं, मग दुर्बीण खाली झाली आणि एक हात वर आला. गयाबाईनेही शालीतून हात काढून हलवला, पोस्टमनला ओळख द्यावी तसा.

घरी तिने मासा साफ केला, खवले सगळ्या ओट्यावर उडाले, जवस भाजलं, लसूण ठेचला, धुराचा अलार्म वाजला, मी टॉवेल हलवून तो बंद केला. स्वयंपाकघरात असा वास आला की मी दोन पावलं मागे सरून दाराला टेकलो. जेवायला बसलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिने डोकं स्वतःच्या ताटात घेतलं, मला मधला तुकडा वाढला आणि वर रस्सा घातला. मी भात कालवला. पंचेचाळीस वर्षं मी स्वतः पकडलेला मासा तोंडात घातला नव्हता, आणि घास उचलताना मला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे, या शांततेत एवढा मासा कसा मावणार. जीभ आपोआप वळवळली. "तुला सांगतो गया," मी सुरुवात केली, "हा बार्श पात्याला लागला ना, तेव्हा त्याने आधी त्यात बघून..."

"काटे आहेत," ती म्हणाली. "बोलू नका. खा."